जहाज बुडालं, पाटी घरी आली

मार्च १९४२. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ओक्राकोक नावाचं एक चिंचोळं बेट आहे. तिथल्या एका लॉजच्या लाकडी धक्क्याला एक फळी येऊन लागली. वर ओढून बघितली तर तिच्यावर जहाजाचं नाव: कॅरिबसी. हे मालवाहू जहाज ११ मार्चच्या पहाटे जर्मन पाणबुडीने काही मिनिटांत बुडवलं होतं. बुडालेल्या २१ जणांत जहाजाचा एक अधिकारी होता. तो याच बेटावर जन्मलेला, आणि ज्या धक्क्याला पाटी लागली तो त्याच्या वडिलांचा. त्याचा खलाशी परवाना, चौकटीसकट, बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला वाळूत सापडला. बेटावरची माणसं ही गोष्ट आजही सांगतात, आणि पुरावा म्हणून चर्चमधला क्रूस दाखवतात. तो त्या जहाजाच्याच लाकडातून केलेला आहे.

आपल्याकडे अशा वेळी 'आईला निरोप आला' म्हणतात आणि गप्प होतात. मला त्यापुढे एक प्रश्न पडतो. १९४२च्या पहिल्या सहा महिन्यांत नॉर्थ कॅरोलायनाच्या या किनाऱ्यासमोर पन्नासहून अधिक जहाजं बुडाली. जर्मनीचा तळ हजारो किलोमीटर दूर, अटलांटिकच्या पलीकडे. मग इतकी जहाजं नेमकी इथेच का? त्याचं बरंचसं उत्तर त्या फळीच्या प्रवासातच आहे. पाणी कुठून कुठे वाहतं, कुठे खोल आहे, कुठे उथळ, यावर इथली सगळी लढाई झाली.

आधी बेट बघू. सुमारे २५ किलोमीटर लांब आणि फारच अरुंद असा हा वाळूचा पट्टा आहे. एका बाजूला उघडा अटलांटिक, दुसऱ्या बाजूला पॅमलिको नावाची अवाढव्य उथळ खाडी. मुख्य भूमीला जोडणारा पूल तेव्हा नव्हता आणि आजही नाही, बोटीनेच जावं लागतं. गाव एका टोकाला, एका लहानशा बंदराभोवती वसलेलं. त्या काळी वस्ती पाच-सहाशेची. मासे, कालवं, शिंपल्या यांवर पोट, आणि बऱ्याच घरातला एखादा मुलगा तटरक्षक दलात किंवा व्यापारी जहाजावर. इथल्या जुन्या लोकांची इंग्रजी बाकीच्या अमेरिकेला कळायला कठीण जाते. 'हाय टाइड'ला ते 'हॉय टॉइड' म्हणतात. बाहेरून आलेल्या माणसाला त्यांच्याकडे खास शब्द आहे, 'डिंगबॅटर'. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याकडे मालवणात ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेतून हा शब्द आला असावा असं मला उगाच वाटतं.

बेटाच्या ईशान्येला केप हॅटरास हे भूशिर आहे. अमेरिकेचा किनारा इथे कोपरासारखा समुद्रात घुसतो. दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीम हा कोमट पाण्याचा प्रवाह येतो आणि उत्तरेकडून थंड पाणी खाली उतरतं. दोघांची गाठ या कोपराशी पडते. भूशिराच्या टोकापासून समुद्रात दूरवर पाण्याखाली वाळूचे बांध गेलेले आहेत, त्यामुळे जहाजाला त्यांना वळसा घालावा लागतो. उत्तरेकडे जाणारं जहाज गल्फ स्ट्रीमचा फायदा घेतं, कारण वाहतं पाणी फुकट ढकलतं. दक्षिणेकडे जाणारं जहाज त्याच प्रवाहाला टाळायला किनाऱ्याच्या जवळून जातं. म्हणजे टेक्सासचं आणि व्हेनेझुएलाचं तेल न्यूयॉर्ककडे नेणारे बहुतेक टँकर, आणि रिकामे परतणारेही, याच चिंचोळ्या वाटेने जाणार. घाटातल्या एकमेव वळणावर वाटमाऱ्याने बसावं, तशी ही जागा.

दुसरी गोष्ट खोलीची. न्यूयॉर्कसमोर उथळ समुद्र शंभराहून जास्त किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. हॅटराससमोर मात्र तीसेक किलोमीटर गेलं की समुद्राचा तळ एकदम कोसळतो. पाणबुडीला खोल पाणी हवं असतं, लपायला. इथे ती जहाजांच्या वाटेवर शिकार करून तासा-दोन तासांत खोल पाण्यात निघून जाऊ शकत होती. जी पाणबुडी उथळात अडकली तिचं काय झालं, तेही याच किनाऱ्यावर दिसलं. ९ मे १९४२ रोजी यू-३५२ ही पाणबुडी वीसेक वाव, म्हणजे साधारण ३५ मीटर, पाण्यात सापडली. तटरक्षक दलाच्या 'इकारस' या लहान जहाजाने तिला तिथेच संपवलं.

आता पाणबुडी. सिनेमांमुळे आपला समज असा होतो की पाणबुडी सतत पाण्याखाली असते. त्या काळातली पाणबुडी खरं तर गरज पडली तर बुडी मारू शकणारी बोट होती. पृष्ठभागावर ती डिझेल इंजिनावर चालायची आणि ताशी ३० किलोमीटरहून जास्त वेग गाठायची. इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ते बंद आणि सगळा भार बॅटरीवर. बॅटरीवरची स्कूटर फुल पिळली की चार्जिंग बघता बघता उतरतं, तोच प्रकार. पाण्याखाली जास्तीत जास्त वेग ताशी १४ किलोमीटर, तोही थोडाच वेळ टिकणारा. सावकाश गेलं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास पल्ला. म्हणजे पाण्याखालून ती धड मालवाहू जहाजाचाही पाठलाग करू शकत नव्हती. म्हणून पाणबुड्या दिवसा तळाशी पडून राहायच्या आणि रात्री वर यायच्या. इंजिन सुरू करून बॅटरी भरायच्या आणि पृष्ठभागावरूनच हल्ला करायच्या.

टॉर्पेडो म्हणजे सात मीटर लांबीचा, स्वतःचं इंजिन असलेला लोखंडी मासाच. त्याच्या तोंडात २८० किलो स्फोटक. तो जहाजाच्या दिशेने सोडायचा नसतो. सुटत्या एसटीत चढणारा माणूस दाराकडे बघून धावत नाही, दार जिथे पोचणार तिथे धावतो. पाणबुडीचा कप्तान हेच गणित करायचा: जहाजाचा वेग किती, दिशा कोणती, अंतर किती. यातलं एकही माप चुकलं तर टॉर्पेडो पाण्यातून मुकाट निघून जायचा. बॅटरीवर चालणारा टॉर्पेडो बुडबुड्यांची रेघही सोडत नसे, त्यामुळे आपण वाचलो हे जहाजाला कळायचंही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रात्री काळ्या समुद्रात काळं जहाज दिसायचं कसं? ही अडचण अमेरिकेनेच सोडवून दिली. जर्मनीने ११ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ याने लगेच पाच मोठ्या पाणबुड्या धाडल्या. जानेवारीच्या मध्यात त्या पोचल्या तेव्हा किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे जळत होते, दीपगृहं चालू होती, जहाजं स्वतःचे दिवे लावून फिरत होती. लंडनमध्ये सव्वादोन वर्षांपासून ब्लॅकआउट होता. इथे किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना आणि करमणुकीच्या धंदेवाल्यांना सीझन बुडायची चिंता. शहराच्या उजेडाचा गोळा आभाळावर पसरतो आणि त्याच्यापुढून जाणारं जहाज पडद्यावरच्या सावलीसारखं स्पष्ट दिसतं. पाणबुडीने समुद्राच्या बाजूला उभं राहून नुसती वाट बघायची. ओक्राकोकवर तर दिवे होते किती? पण स्फोट त्यांच्याच दारात होत होते. खिडक्या थरथरायच्या, रात्री क्षितिजावर लाल भडका दिसायचा, सकाळी वाळूवर काळं तेल, तुटके तराफे, कधी माणसं.

१९ जानेवारीला यू-१२३ने 'सिटी ऑफ अटलांटा' बुडवलं, तेव्हा त्यावरचे तीनच जण वाचले. टँकर असेल तर पाण्यावरही आग. २६ मार्चच्या सकाळी तेलाने भरलेलं 'डिक्सी ॲरो' पेटलं. वाऱ्यामुळे ज्वाळा नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला अडकलेल्या खलाशांकडे, धावत होत्या. ऑस्कर चॅपल नावाचा सुकाणूवाला आपल्या जागेवर होता. त्याने सुकाणू फिरवून जहाजाची नाळ वाऱ्याकडे वळवली. ज्वाळा उलट्या फिरल्या, नाळेवरच्या लोकांना उडी मारायला वाट झाली, आणि आग सुकाणूच्या खोलीवर आली. तो तिथेच गेला. ३३ जणांपैकी २२ वाचले. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा वारा कुठून, आग कुठे, हे कागदावर काढून बघितलं होतं. त्याशिवाय त्याने काय केलं ते नीट कळत नाही.

मग जहाजं तांड्याने का नेली नाहीत? 'इतकी जहाजं एकत्र म्हणजे पाणबुडीला आयतीच मेजवानी' असं वाटणं साहजिक आहे. गणित उलटं आहे. समजा एकटं जहाज १५ किलोमीटरवरून दिसतं. म्हणजे त्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून ३० किलोमीटरच्या पट्ट्यात पाणबुडी असली तर ते सापडणार. आता ४० जहाजं एकत्र न्या. तांडा पाचेक किलोमीटर रुंद झाला, तर पट्टा ३५ किलोमीटरचा. हीच जहाजं वेगवेगळी गेली तर तीस-तीस किलोमीटरचे चाळीस पट्टे. समुद्र एवढा मोठा आहे की तांडा सापडण्याची शक्यता एकट्या जहाजापेक्षा फार वाढत नाही. शिवाय सापडला तरी पाणबुडीला एक-दोन डाव मिळतात, बाकीची जहाजं निघून जातात. आणि सोबतीला लढाऊ जहाजं असली तर पाणबुडीला स्वतःहून त्यांच्याजवळ यावं लागतं, समुद्रभर तिला शोधत हिंडायचं काम वाचतं.

हे सगळं ब्रिटिशांना पहिल्या महायुद्धापासून माहीत होतं. अमेरिकन नौदलाचं म्हणणं, सोबतीला द्यायला जहाजंच नाहीत, आणि दुबळा तांडा एकट्या जहाजापेक्षा वाईट. पहिलं खरं होतं. दुसरं चुकीचं होतं, आणि त्याची किंमत वसंतभर व्यापारी खलाशांनी मोजली.

इथे मासेमारीचा धागा परत येतो. ब्रिटनने मदत म्हणून २४ ट्रॉलर त्यांच्या खलाशांसकट अमेरिकेला पाठवले. हे मुळात उत्तरेच्या थंड समुद्रात मासे पकडणारे ट्रॉलर. जाळी उतरवून त्यांच्यावर एक तोफ, पाणबॉम्बची पिंपं आणि ॲस्डिक नावाचं यंत्र चढवलेलं. त्यातलाच एक 'बेडफर्डशायर', १९३५ साली बांधलेला, ग्रिम्सबी या मासेमारी बंदरातल्या कंपनीचा.

ॲस्डिक म्हणजे आजच्या सोनारचा आजोबा. पाण्यात आवाजाची 'टुंग' सोडायची आणि कान लावून बसायचं. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर वस्तू दीड किलोमीटरवर. ऐकायला सोपं. पण उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो ना, कारण गरम आणि गार हवेच्या थरांत उजेड वाकतो? पाण्यात आवाजाचं तसंच होतं. कोमट आणि थंड पाणी जिथे एकावर एक चढतं तिथे आवाज वाकून भलतीकडे जातो, आणि हॅटराससमोर नेमकं तेच पाणी. त्यात बुडालेल्या जहाजांचे सांगाडे तळावर पडलेले, तेही प्रतिध्वनी देणार. पाणबुडी समजून सांगाड्यावर पाणबॉम्ब टाकायचे प्रकार सर्रास झाले. आणि मोठं दुखणं म्हणजे ॲस्डिक खाली बघायला केलेलं. रात्री पृष्ठभागावर असलेली पाणबुडी त्याला धड सापडायची नाही.

आधी कोण कोणाला ऐकतो यावर बरंचसं ठरतं, हे आपल्या नौदलालाही ठाऊक आहे. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवसमोर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवही मासेमारीचं बेटच. तिथल्या टेकाडावर काचेच्या पेटीत ठेवलेली खुकरीची प्रतिकृती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ओक्राकोकवरचं ब्रिटिश खलाशांचं स्मशान परकं वाटणार नाही.

ते स्मशान असं झालं. १९४२च्या वसंतात नौदलाच्या गुप्तचर शाखेसाठी काम करणारा एकॉक ब्राउन हा माणूस वाहून आलेल्या मृतदेहांची ओळख पटवायचं काम करत होता. बुडालेल्या एका ब्रिटिश टँकरच्या खलाशांना मूठमाती देताना शवपेटीवर घालायला ब्रिटिश झेंडे हवे होते. तो 'बेडफर्डशायर'वर गेला. तिथला तरुण अधिकारी, सब-लेफ्टनंट थॉमस कनिंगहॅम, याने त्याला सहा झेंडे दिले.

११ मेच्या रात्री यू-५५८ने 'बेडफर्डशायर'वर टॉर्पेडो सोडला. सुरुवातीचा नेम चुकला. ट्रॉलरवर कोणाला पत्ताही लागला नाही. पुढचा बसला. जहाजावरचे ३७ जण गेले, एकही वाचला नाही, आणि मदतीचा संदेशही गेला नाही. किनाऱ्यावर दोन-तीन दिवस कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. मग १४ मेला ओक्राकोकच्या वाळूवर दोन मृतदेह आले. ब्राउनला बोलावलं. त्यातला एक चेहरा त्याच्या ओळखीचा होता. कनिंगहॅमने दिलेल्या झेंड्यांपैकीच एक त्याच्या शवपेटीवर घातला गेला.

दुसरा मृतदेह टेलिग्राफिस्ट स्टॅन्ली क्रेगचा. काही दिवसांनी आणखी दोघे वाहून आले, त्यांची ओळख पटली नाही. बेटावरच्या एका कुटुंबाने आपल्या घराण्याच्या स्मशानालगतची जागा दिली. चौघे तिथेच आहेत.

बेटावर अफवाही खूप उठल्या. एक तर त्या वेळी जवळजवळ सगळ्या किनाऱ्यावर सांगितली गेली: पकडलेल्या जर्मन खलाशाच्या खिशात गावातल्या थिएटरचं तिकीट सापडलं, पाणबुडीत स्थानिक बेकरीचा पाव होता. पुरावा कधीच कोणी दाखवला नाही. ज्या गावातला प्रत्येक अनोळखी माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतो, तिथे जर्मन खलाशी सिनेमा बघून परत गेला म्हणे! पण रोज रात्री भडके बघणाऱ्या माणसांना शत्रू जवळच कुठेतरी आहे असं वाटलं तर ते समजण्यासारखं आहे.

अमेरिकन नौदलाने मग हातपाय हलवले, आणि सुरुवात जरा फसलीच. मेमध्ये हॅटरासच्या आडोशाला २,६३५ पाणसुरुंग पेरून मधली जागा मोकळी ठेवली, म्हणजे रात्री व्यापारी जहाजांना सुरक्षित नांगर टाकता यावा. कल्पना बरी. पण जूनमध्ये पावसात वाट चुकलेला 'एफ. डब्ल्यू. एब्रम्स' हा टँकर त्याच सुरुंगांवर जाऊन बुडाला. पुढच्या महिन्यात आणखी जहाजं तिथेच अडकली. या सुरुंगांनी एकही पाणबुडी बुडवली नाही. पुढे ते काढून टाकावे लागले.

ओक्राकोकवर नौदलाचा तळ झाला. पाच-सहाशे माणसांच्या गावात तेवढेच खलाशी येऊन राहिले. बंदर खोल केलं गेलं, आणि बेटावरचा पहिला काँक्रीटचा रस्ता दारूगोळ्याच्या कोठाराकडे जाण्यासाठी झाला. गावाबाहेरच्या वाळूच्या टेकाडावर एक ठाणं उभं राहिलं, त्याला सगळे 'लूप शॅक' म्हणायचे. समुद्राच्या तळावर केबलचं मोठं वेटोळं टाकायचं. पोलादी पाणबुडी वरून गेली की तिच्या चुंबकत्वामुळे त्या वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह उठतो, आणि ठाण्यातला काटा हलतो. सायकलच्या डायनॅमोमागचं तत्त्व, फक्त चाकाऐवजी पाणबुडी.

खरा फरक पडला तो तांड्यांनी आणि विमानांनी. मेच्या मध्यापासून किनाऱ्यालगत नियमित तांडे सुरू झाले. विमान आभाळात असलं की पाणबुडीला वर राहता येत नाही, आणि खाली राहिली की बॅटरी संपते. ७ जुलैला एका लष्करी विमानाने यू-७०१ला पृष्ठभागावर गाठून बुडवलं. १५ जुलैला यू-५७६ने १९ जहाजांच्या तांड्यावर हल्ला केला. 'ब्लूफील्ड्स' बुडालं, दोन जहाजं जखमी झाली. पण तांड्यातल्या तोफेने आणि विमानांच्या बॉम्बनी तिलाही घेरलं, आणि ती आपल्या ४५ जणांसह तळाला गेली. त्याच आठवड्यात डोनिट्झने इथल्या पाणबुड्या माघारी बोलावल्या. दुसरीकडे कमी त्रासात शिकार मिळत होती.

२०१४ साली संशोधकांनी समुद्रतळावर यू-५७६ आणि 'ब्लूफील्ड्स' शोधून काढली. दोघांमधलं अंतर दोन-अडीचशे मीटर.

दर मे महिन्यात ओक्राकोकच्या त्या स्मशानात ब्रिटिश नौदलाची आणि अमेरिकन तटरक्षक दलाची माणसं येतात, चौघांना मानवंदना देतात. एरवी हिरवळ कापणं, पांढरं कुंपण रंगवणं हे तटरक्षक दल बघतं. बंदरातून गळाने मासे धरायला निघणाऱ्या बोटी मात्र वर्षभर त्या सांगाड्यांवरच जातात. वाळूच्या सपाट तळावर माशांना थांबायला आडोसा नसतो, आणि बुडालेल्या जहाजाच्या पोटात तो भरपूर मिळतो.